वर्दी आधी, शर्यत नंतर
मिल्खासिंगांचे किस्से ऐकतच आम्ही पलटणीत वाढलो. भरतीत ते तीनदा नापास झाले, चौथ्यांदा घेतले गेले. सिकंदराबादच्या ई.एम.ई. सेंटरमध्ये रंगरूट असताना क्रॉसकंट्रीत पहिल्या दहांत आले, तिथून सराव सुरू झाला. १९६० साली रोमला ४०० मीटरमध्ये चौथे!

आता बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. शाळा सहा किलोमीटरवर. कधी चालत, कधी पळत. बारावीनंतर महार रेजिमेंट, मग सियाचीन. लष्कराच्या क्रॉसकंट्रीत उतरला २०१५ मध्ये, वय विशीच्या पुढे. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य. सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदाने. १९९८ पासून तिथली तिन्ही पदकं केनियाच नेत होता.

दोघांच्या अंगावर आधी वर्दी चढली, मग कुणीतरी वेळ मोजली. आता बॉईज स्पोर्ट्स कंपन्या लहान मुलांना घेतात, त्याचा मला अभिमान आहे. पण पलटण म्हणजे गावची शाळा नव्हे.

भरतीच्या मैदानावर मीही उभा राहिलोय. छाती सेंटिमीटरभर कमी भरली म्हणून परत पाठवलेली पोरं आठवतात. स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. नोंद मात्र फक्त पास झालेल्यांची ठेवली.