एका पेनीची सभ्यता

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात भव्य जागतिक प्रदर्शन भरले. तिथे जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या प्लंबरने प्रेक्षकांसाठी शौचकूप बसवले. आत जायला एक पेनी पडे. पुढे इंग्लंडात पेनी टाकल्यावर उघडणारी कुलुपे अशा दारांना सर्रास आली आणि 'स्पेंड अ पेनी' हा लघुशंकेसाठी सभ्य शब्दप्रयोग रूढ झाला. १९७१ मध्ये जुनी पेनी चलनातून गेली, शब्दप्रयोग मात्र उरला.

बाकीचे शब्दही पाहा. 'टॉयलेट' म्हणजे मुळात फ्रेंचमधले लहानसे कापड. ते शृंगाराच्या मेजावर पसरत. मग शब्द शृंगाराला लागला, मग खोलीला, शेवटी संडासाला. 'लॅव्हेटरी' ही मूळची धुण्याची जागा. एक पडदा मळला की दुसरा लावायचा! आपल्या 'शौच' शब्दाचा तरी मूळ अर्थ काय? शुद्धता.

मराठी शाळेत करंगळी वर केली की काम भागे. शब्दार्थ पाठ होत, हे पडदे मात्र पुस्तकात नसत. अमेरिकेत मुलाकडे निघालेल्या आजींना विमानतळावरची 'रेस्टरूम' विश्रांतीची खोली वाटली, तर त्या बिचाऱ्या अवघडून बसणार. विचारायचे कसे, हीच लाज.

म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याला व्याकरणाआधी असे चार शब्द द्यावेत. निघताना 'येतो' म्हणणाऱ्या आणि बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणणाऱ्या आपल्याला ते जड जाऊ नयेत.