पैठण, देवगिरि, खडकी : वस्तीच्या स्थळाचा एक विचार

चाणक्याच्या नांवावर चालणाऱ्या नीतिसंग्रहांत वस्तीच्या स्थळाच्या पांच कसोट्या सांगितल्या आहेत : धनिक, श्रोत्रिय, राजा, नदी आणि वैद्य. यांच्या अभावीं स्थळ त्याज्य समजावें, असा त्या वचनाचा अभिप्राय आहे. अध्यापनाच्या काळांत आम्हीं तें विद्यार्थ्यांकडून अनेक वेळां घोकून घेतलें. त्याचा पडताळा पाहण्याचा प्रसंग मात्र निवृत्तीनंतर आला.

गेल्या आषाढांत पैठण तालुक्यांतील एक परिचित गृहस्थ छत्रपती संभाजीनगरास आमच्या घरीं आले. बगलेंत एक जुना रुमाल होता. विहिरीचा भरंवसा उरला नव्हता, दोन्ही मुलें पुण्यास नोकरीला लागलीं होतीं, आणि वाडा विकण्याचें ठरलें होतें. त्यांनीं दोन प्रश्न विचारले : "गुरुजी, आम्हीं या शहरांत बिऱ्हाड करावें कीं मुलांकडे पुण्यास जावें? आणि या रुमालाचें काय करावें?" रुमालांत जमाखर्चाचे मोडी बंद आणि दोन पोथ्यांचीं सुटीं पानें होतीं. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आमच्याजवळ तयार होतें. पहिल्याचें नव्हतें, कारण तोच प्रश्न आमच्याहि घरांत गेलीं दोन वर्षें चालला आहे. तेव्हां या प्रांतांत पूर्वींच्या लोकांनीं तो कसा सोडविला, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें.

प्रथम नदीची कसोटी घेऊं. तिला उतरणारें प्राचीन स्थळ पैठण. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक लेखकानें तांबड्या समुद्राच्या व्यापाराचें जें वर्णन लिहिलें, त्यांत पैठण हें भरुचाच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगितलें असून तेथून अकीक जातीचे दगड भरुचास जात असल्याचा उल्लेख आहे. म्हणजे त्या वेळीं सातवाहन राजा, धनिक व्यापारी आणि गोदावरी हीं तिन्ही एके ठिकाणीं होतीं. पुढें राजा गेला, व्यापार ओसरला. पण नदी राहिली आणि तिच्या कांठीं विद्या राहिली. ज्ञानेश्वरादि भावंडांस शुद्धिपत्रासाठीं पैठणासच यावें लागलें, ही परंपरा त्या क्षेत्राच्या धर्मशास्त्रीय अधिकाराची साक्ष देते.

परंतु एकट्या नदीनें श्रोत्रिय धरून ठेवला जातो काय? सोळाव्या शतकाच्या आरंभीं पैठणच्या रामेश्वरभट्टांनीं स्थलांतर केलें. त्यांचें कुटुंब विजयनगर व द्वारका यांकडे फिरलें, कांहीं काळ पैठणास परतलें आणि अखेरीस काशीस स्थिर झालें. या भ्रमंतींतच इ. स. १५१३ सालीं त्यांचे पुत्र नारायणभट्ट जन्मले. 'त्रिस्थलीसेतु' व 'प्रयोगरत्न' हे त्यांचे ग्रंथ प्रसिद्धच आहेत. त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांनीं इ. स. १६१२ सालीं 'निर्णयसिंधु' पूर्ण केला. आणि याच घराण्यांतील गागाभट्टांनीं इ. स. १६७४ सालीं रायगडावर शिवछत्रपतींस राज्याभिषेक केला. पैठणनें एक कुटुंब गमावलें, काशीनें एक विद्यापीठ मिळविलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

याच्या उलट उदाहरणहि पैठणचेंच आहे. एकनाथांनीं भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका इ. स. १५७३ सालीं काशींत पूर्ण केली. विद्वानांची सभा, ग्रंथांची समृद्धि, सर्व कांहीं तेथें होतें. तरीहि ते पैठणास परतले आणि इ. स. १५९९ सालीं तेथेंच त्यांनीं देह ठेविला. एकाच शतकांत, एकाच गांवच्या दोन विद्वान् घरांनीं एकाच प्रश्नाचीं दोन भिन्न उत्तरें दिलीं, आणि दोन्ही फलद्रूप झालीं. तेव्हां राहणारा तेवढा निष्ठावंत आणि जाणारा तेवढा कृतघ्न, हा जो निवाडा आपल्याकडे सहज दिला जातो, त्यास इतिहासाचा आधार नाहीं.

आतां राजाची कसोटी. यादव राजा पांचवा भिल्लम यानें बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरि ही राजधानी केली. स्थळ निवडलें तें दुर्गासाठीं. पुढें इ. स. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलखानें याच गडास दौलताबाद नांव देऊन दिल्लीच्या प्रतिष्ठित लोकांस तेथें येऊन राहण्याची आज्ञा केली. येथें कसोट्या लावून पाहण्याची मुभाच कोणास नव्हती. वस्तीचा निर्णय दुसऱ्यानेंच केलेला होता. थोड्याच वर्षांत तो फिरला आणि लोकांस परत जाण्याची परवानगी मिळाली. राजाज्ञेनें बसलेलें गांव राजाज्ञेनेंच उठतें.

खडकीचा वृत्तांत याहून निराळा व आमच्या मतें अधिक बोधप्रद आहे. इ. स. १६१० सालीं मलिक अंबरानें हें स्थळ राजधानीसाठीं निवडलें, तेव्हां येथें गोदावरी नव्हती. खाम नांवाचा एक लहान प्रवाह होता. नीतिकाराच्या दृष्टीनें हें स्थळ पहिल्याच परीक्षेंत नापास व्हावयाचें. परंतु अंबरानें डोंगराच्या पायथ्याचें भूगर्भांतील पाणी जमिनीखालच्या नहरींतून उतारानें शहरांत आणलें. नहरीवर ठिकठिकाणीं विहिरीसारखीं तोंडें ठेविलीं, म्हणजे आंत उतरून गाळ काढतां यावा; आणि पाण्याचा जोर सांभाळण्यासाठीं दगडी मनोरे उभारले. इ. स. १६२१ सालीं मोगल फौजेनें गांवाची नासधूस केली. इ. स. १६२६ सालीं अंबर वारला. इ. स. १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ आला. इ. स. १६३३ सालीं निजामशाहीची राजधानी दौलताबादहि मोगलांच्या हातीं पडली. एवढ्यावर कोणतेंहि नवें गांव उजाड व्हावें. खडकी झाली नाहीं. औरंगजेबाच्या सुभेदारींत ती औरंगाबाद या नांवानें दक्षिणेचें मुख्य शहर बनली.

मोठा घाव पुढें बसला. निजाम अलीनें इ. स. १७६३ सालीं राजधानी हैदराबादेस नेली. दरबार गेला म्हणजे त्यामागें सराफ, कारखानदार, कारकून व कवि यांनाहि जावेंच लागतें. हिमरू विणणाऱ्याचें गिऱ्हाईक दरबारी. गिऱ्हाईक दूर गेल्यावर मागाची गति मंदावणें अपरिहार्य होतें. पैठणीच्या बाबतींतहि असेंच दिसतें : नांव पैठणचें राहिलें, पण आज तिचे बहुतेक माग येवल्यास आहेत. तरीहि औरंगाबाद मेलें नाहीं. राजा गेला, धनिक गेला. पण एका माणसानें खणून आणलेलें पाणी वाहत होतें. जें दरबारानें दिलें तें दरबाराबरोबर गेलें. जें जमिनींत बांधलें होतें तें राहिलें.

हाच न्याय अलीकडच्या काळासहि लागू पडतो. हैदराबाद संस्थान इ. स. १९४८ सालीं भारतांत विलीन झालें, त्या वेळीं मराठवाड्यांत उच्च शिक्षणाची स्थिति अत्यंत दरिद्री होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें इ. स. १९५० सालीं येथें महाविद्यालय काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय. मुंबईसारखें विद्येचें संपन्न स्थान हाताशीं असतां त्यांनीं मुद्दाम हें मागासलेलें ठिकाण निवडलें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. इ. स. १९५६ सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याचें रुग्णालय 'घाटी' या नांवानें खेड्यापाड्यांतील आजाऱ्यांस परिचित आहे. इ. स. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ झालें. जायकवाडी धरणाचा पाया इ. स. १९६५ सालीं घातला गेला व इ. स. १९७६ सालीं त्याचें उद्घाटन झालें. आज या शहराचें पिण्याचें पाणी तेथूनच, म्हणजे पैठणाहून, सुमारें ५० किलोमीटर चढवून आणावें लागतें. अंबरानें पाणी उतारानें आणलें, आम्ही तें चढानें आणतों. आणि पुष्कळ वर्षें तें कित्येक दिवसांच्या अंतरानें नळास येत राहिलें, हें लिहितांना संकोच वाटतो.

येणेंप्रमाणें श्रोत्रिय, वैद्य आणि नदी या तीन कसोट्यांस हें शहर जें उतरतें, तें कोणी तरी त्या येथें आणल्या म्हणून. नीतिकार स्थळाचे गुण पाहून मग वसण्यास सांगतो. या प्रांताचा इतिहास सांगतो कीं, गुण पुष्कळदां वसणाऱ्यांनीं निर्माण केले. शिवाय हें वचन ज्याला निवड करतां येते त्याच्यासाठीं आहे. बीडकडचीं ऊसतोडणी कामगारांचीं कुटुंबें दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात व पावसाळ्यापूर्वीं परततात. त्यांच्यापुढें पांच कसोट्या नसतात, एकच असते : पोट.

येथें संशोधकांस एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य वाटतें. रामेश्वरभट्टांचा वृत्तांत आपणांस कळतो, तो त्यांचे नातू शंकरभट्ट यांनीं काशींत लिहिलेल्या 'गाधिवंशानुचरित' या संस्कृत ग्रंथावरून. पैठणच्या एका घराची हकीकत अशी काशीच्या पोथींत सांपडते. जे संपन्न स्थळीं गेले त्यांनीं वंशचरित्रें लिहिलीं, पोथ्यांच्या प्रती करविल्या. जे मागें राहिले त्यांचे कागद दमटपणानें, कसरीनें किंवा वाडा पडतांना गेले. म्हणून गेले ते सर्व थोर आणि राहिले ते सर्व सामान्य असा जो भास होतो, तो कांहीं अंशीं केवळ कागद टिकण्या-न टिकण्याचा परिणाम आहे.

त्या गृहस्थांस आम्हीं एवढेंच सांगितलें : मुलांजवळ वैद्य व आधार दोन्ही आहेत, प्रकृति पाहून खुशाल जावें, त्यांत कमीपणा नाहीं. मात्र रुमाल रद्दींत किंवा नव्या घराच्या माळ्यावर जाऊं देऊं नये. आम्ही दोघांनीं तीन दिवस बसून त्यांतील बंदांची यादी केली. ती करतांना दिसलें कीं, ज्या वर्षीं धान्याची जमा अगदीं थोडी, त्याच वर्षीं विहिरीच्या खोदाईचा खर्च मांडलेला आहे. तें पान गृहस्थांनीं पुष्कळ वेळ हातांत धरून ठेविलें, कांहीं बोलले नाहींत. दिवाळीनंतर ते पुण्यास गेले. रुमाल त्यांच्या संमतीनें संस्थेच्या संग्रहांत द्यावयाचा आहे. यादीची एक प्रत त्यांनीं बरोबर नेली.

आमच्यापुरतें म्हणाल, तर आम्ही तूर्त येथेंच आहों. हा निश्चय अढळ आहे असें लिहिण्याचें धाडस साठी उलटल्यावर करूं नये. पण आमच्या कपाटांतील पोथ्यांची यादी पुरी झाली आहे आणि ती कोठें द्यावयाची हें घरांत सांगून ठेविलें आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या गांवीं कुलुपें लागत आहेत, त्यांनींहि बिऱ्हाड हलविण्यापूर्वीं एवढें करावें, अशी विनंति आहे. माणसानें कोठें राहावें याचा निर्णय ज्याचा त्यानें करावा. कागद कोठें राहावे याचा मात्र निर्णय झाल्यावांचून घर सोडूं नये.