भाकित आणि कुंपण

इंग्लंडांत लिव्हरपूलजवळ भरणारी ‘ग्रँड नॅशनल’ ही कुंपणें ओलांडीत धांवण्याची घोड्यांची शर्यत. १८३९ सालीं ती जिंकणाऱ्या घोड्याचें नांवच ‘लॉटरी’ होतें!

शर्यत होते वसंतांत. पैजा लागतात हिवाळ्यापासून. फेब्रुवारींत प्रत्येक घोड्यानें वाहावयाचें वजन जाहीर झालें कीं भाकितांना ऊत येतो. आगाऊ पैजेचा रूढ नियम कठोर आहे : घोडा लंगडा होऊन मैदानांत उतरलाच नाहीं, तरी पैसे बुडाले. या जोखमीमुळेंच तिला भाव अधिक मिळतो.

१९३५ सालीं आदल्या वर्षींचा विजेता ‘गोल्डन मिलर’ याचा भाव एकास दोन इतका उतरला होता. त्यानें वाटेंतच स्वाराला पाडलें. १९२८ सालीं ४२ घोडे धांवले. पहिल्याच फेरींत ‘ईस्टर हिरो’ कालव्याजवळच्या कुंपणावर अडकला व मागच्यांची एकच गर्दी उडाली. अखेर एकास शंभर भावाचा ‘टिपरेरी टिम’ तेवढा न पडतां पोहोंचला.

भाकित करणारे मूर्ख नव्हते. कुळ, वजन, मागील धांव, सारें त्यांनीं तपासलें होतें. परंतु पुढचा घोडा अडखळेल हें कोणत्या वहींत लिहिलेलें असणार? इतिहास वाचतांनाही हें ध्यानांत ठेवावें. घडलेलें अटळ वाटतें, तें घडून गेल्यावरच.