मिटलेले पोट आणि विसरलेला दाब

१/
स्वादुपिंडाची मोठी शस्त्रक्रिया पार पडलेली असते. रक्तस्राव थांबलेला, टाके नीट पडलेले, पोट शिवून बंद केलेले. काही तासांनी मात्र रुग्णाचे पोट फुगून ताठ होते, लघवी कमी होत होत थांबते, श्वासयंत्राला छातीत हवा ढकलणे जड जाऊ लागते. मूत्रपिंडे, फुप्फुसे आणि हृदय एकाच वेळी खचू लागतात; यांपैकी एकालाही शल्यविशारदाच्या सुरीचा स्पर्श झालेला नसतो. या कोड्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातच हाती आले होते. ते विसरले कसे गेले आणि पुन्हा सापडले कसे, त्याचा हा इतिहास.

२/
स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारी असते. तेथवर पोहोचणेच अवघड. १९०९ साली बर्लिनमध्ये वाल्टर काउश यांनी स्वादुपिंडाच्या डोक्याचा भाग आणि त्याला चिकटलेले लहान आतडे दोन टप्प्यांत काढून दाखवले. १९३५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अ‍ॅलन व्हिपल यांनी आपल्या रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि ही शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

३/
या शस्त्रक्रियेनंतर पोटात जागेची टंचाई का होते? शस्त्रक्रिया कित्येक तास चालते. रक्तदाब टिकवण्यासाठी शिरेतून भरपूर द्रव दिला जातो. त्यातला काही आतड्यांच्या भिंतींत झिरपतो आणि आतडी सुजतात. त्यांची हालचाल मंदावली की ती वायूने फुगतात. उरलेल्या स्वादुपिंडाला दाह झाला किंवा त्याचा सांधा गळू लागला, तर पाचक रस बाहेर येतो. तो एखादी रक्तवाहिनी कुरतडतो आणि रक्त साचते. आत येणारे वाढत जाते; पोटाची शिवलेली भिंत मात्र एका मर्यादेपलीकडे ताणत नाही.

४/
मग दाब चढतो. श्वासपटल वर ढकलले जाते, फुप्फुसांना फुलायला जागा उरत नाही. खालच्या अंगाचे अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणारी महानीला चेपली जाते, त्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त घटते. मूत्रपिंडांच्या शिरा दाबल्या जातात आणि लघवी आटते. येथेच खरा सापळा आहे. लघवी कमी झाली म्हणजे शरीरात पाणी कमी पडले, असे समजून आणखी द्रव दिला जातो. सूज वाढते, दाब वाढतो, लघवी आणखी घटते.

५/
पोटातला ताण कमीजास्त झाला की सारे शरीर बिघडते, हे निरीक्षण जुने आहे. सुश्रुतसंहितेत जलोदराचे पाणी नळीने काढण्याची कृती सांगितली आहे. सगळे पाणी एकाच दिवशी काढू नये, तसे केल्यास तहान, ज्वर, श्वास असे विकार होतात, असे तेथे बजावले आहे. पाणी निघाल्यावर लोकर, रेशीम किंवा चामडे यांपैकी एकाने पोट घट्ट बांधावे, असेही म्हटले आहे. येथे दाबाचे मोजमाप नाही, त्यामुळे त्यात आधुनिक शोध पाहणे योग्य नव्हे. मात्र रुग्णाकडे बारकाईने पाहणाऱ्या वैद्याचा अनुभव त्यात निश्चित आहे.

६/
मोजमाप सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकातील युरोपात. १८६३ साली फ्रान्समध्ये एटिएन-ज्यूल मारे यांनी श्वसनाचा पोटातील दाबाशी संबंध दाखवला. १८६५ साली जर्मनीत ब्राउने यांनी गुदाशयातून हा दाब मोजला. १८७५ साली ओडेब्रेख्ट यांनी त्यासाठी मूत्राशयाचा मार्ग वापरला. लगेच १८७६ साली वेंट यांनी निष्कर्ष मांडला : पोटातील दाब जितका जास्त, तितकी लघवी कमी. शंभर वर्षांनी अतिदक्षता विभागांना जे वाक्य नव्याने शिकावे लागले, ते हेच.

७/
१८९० साली हाइनरिशियस यांनी मांजरे आणि गिनीपिग यांच्यावर प्रयोग करून दाखवले की पोटातील दाब पुरेसा वाढवला तर प्राणी दगावतात; त्याचे कारण त्यांनी श्वास कोंडणे हे मानले. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हेवन एमर्सन यांनी याच विषयावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. अतिदाबाखाली गुदमरण्याआधीच हृदय हार खाते, असे त्यांना आढळले. जलोदराच्या रुग्णाचे पाणी काढल्यावर त्याच्या थकलेल्या हृदयाला आराम का पडतो, याचे उत्तरही त्यांना यात दिसले.

८/
येथे इतिहासातील एक चुटपुट लावणारा योगायोग आहे. १९३५ साली व्हिपल यांनी कोलंबिया विद्यापीठातून आपली शस्त्रक्रिया जगापुढे ठेवली, तेव्हा एमर्सन त्याच विद्यापीठात होते. ते आता सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक होते. पोटातील दाबाचा विषय त्यांच्यापुरता मागे पडला होता. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेचा आणि दाबाच्या ज्ञानाचा प्रवाह एकाच संस्थेतून वाहत होता. दोन्हींचा संगम व्हायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

९/
असे का झाले? एक कारण म्हणजे त्या काळी अतिगंभीर रुग्ण फार काळ जगतच नसत. रक्तस्राव, आघात आणि जंतुसंसर्ग त्यांना आधीच गाठत. कोपनहेगनमध्ये १९५२ च्या पोलिओच्या साथीनंतर अतिदक्षता विभागाची कल्पना रुजली. त्यापुढे असे रुग्ण दिवसेंदिवस तगू लागले आणि दाब चढायला अवधी मिळाला. दुसरे कारण मनोवृत्तीचे. नीट मिटलेले पोट ही शल्यविशारदाच्या कामाची पूर्तता मानली जाई. ते पुन्हा उघडणे म्हणजे चूक कबूल करण्यासारखे वाटे.

१०/
तरी काहींना शंका आली होती. १९४० साली ब्रिटिश शल्यविशारद हेनेज ओगिल्व्ही यांनी युद्धातील पोटाच्या जखमा ओढूनताणून न शिवता त्यांवर जाड कापड शिवण्याचा मार्ग सुचवला. १९४८ साली बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी आतडी पोटाबाहेर असलेल्या नवजात बालकांसाठी दोन टप्प्यांची पद्धत मांडली : आधी केवळ त्वचेचे आच्छादन, स्नायूंची शिवण नंतर. १९५१ साली भूलतज्ज्ञ बॅगट यांनी स्पष्ट इशारा दिला, की फुगलेली आतडी अपुऱ्या जागेत कोंबणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

११/
यांतील कोणाजवळही खाटेशेजारी दाखवता येईल असा आकडा नव्हता. ती उणीव अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात भरून निघाली. १९८२ साली हार्मन, क्रॉन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या पोटातील दाब २० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत वाढवला. मूत्रपिंडांचे गाळण्याचे काम सुमारे एक चतुर्थांशावर आले. मग त्यांनी द्रव देऊन हृदयातून बाहेर पडणारे रक्त पूर्ववत केले. मूत्रपिंडे मात्र सुधारली नाहीत. दोष पाण्याच्या कमतरतेत नसून दाबात आहे, याचा हा पुरावा होता.

१२/
१९८४ साली क्रॉन, हार्मन आणि नोलन यांनी माणसांवरील अनुभव प्रसिद्ध केला. साधन अगदी साधे : रुग्णाला आधीच बसवलेली लघवीची नळी. मूत्राशयात थोडे क्षारजल सोडायचे आणि त्यातील दाब मोजायचा. शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या पोटातील दाब २५ मिलिमीटरच्या वर गेला आणि लघवी आटली, असे ११ रुग्ण होते. ७ जणांचे पोट पुन्हा उघडले, तेव्हा लघवी तत्काळ वाहू लागली. ज्या ४ जणांचे उघडले नाही, ते मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले.

१३/
आता या विकाराला नाव हवे होते. हाता-पायांच्या स्नायूंचे कप्पे सुजून रक्तपुरवठा तुटतो, हे जर्मनीच्या फोल्कमान यांनी १८८१ साली वर्णिले होते. त्याच धर्तीवर १९८९ साली पोटही असाच एक बंद कप्पा असल्याचे मांडले गेले आणि ‘अ‍ॅब्डॉमिनल कंपार्टमेंट सिंड्रोम’ ही संज्ञा रूढ झाली.

१४/
पोट उघडे ठेवायचे, तर ते झाकायचे कशाने? १९८४ सालीच कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे ओस्वाल्डो बोर्राएझ या तरुण डॉक्टरने सलाइनची निर्जंतुक प्लास्टिक पिशवी कापून जखमेच्या कडांना शिवली. आतडी ओली आणि सुरक्षित राहिली, दाब वाढला नाही, आणि आत काय चालले आहे ते बाहेरून दिसू लागले. ‘बोगोटा बॅग’ या नावाने ही स्वस्त युक्ती जगभर पोहोचली.

१५/
२००४ साली ऑस्ट्रेलियातील नूसा येथे या विषयाचे तज्ज्ञ एकत्र आले आणि पुढे सर्वमान्य व्याख्या ठरल्या. गंभीर रुग्णात ५ ते ७ मिलिमीटर दाब सर्वसाधारण. सतत १२ किंवा त्याहून अधिक असेल तर तो वाढलेला. २० च्या वर टिकून एखादे इंद्रिय नव्याने निकामी होऊ लागले तर कंपार्टमेंट सिंड्रोम. आधी जठरातील नळीने वायू व द्रव काढणे, वेदना शमवणे, स्नायू सैल करणे, साचलेला द्रव बारीक नळीने बाहेर काढणे आणि शिरेतील द्रवाला आवर घालणे हे उपाय होतात. हे अपुरे पडले तरच पोट उघडतात. उघड्या पोटाचेही धोके आहेत : संसर्ग, आतड्याला छिद्र, पुढे हर्निया.

१६/
स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी कमी झाली की आज डॉक्टरांपुढे दोन प्रश्न असतात : पाणी कमी पडले आहे, की दाब वाढला आहे? दोन्हींची उत्तरे परस्परविरोधी आणि चुकीची निवड घातक. निर्णय करणारी नळी रुग्णाला आधीच लावलेली असते. १८७६ सालचे निरीक्षण आणि १९८४ सालचा उपचार यांमध्ये १०८ वर्षांचे अंतर पडले. या काळात दाब मोजण्याचा मार्ग ठाऊक होता. तो रुग्णाच्या खाटेपर्यंत तेवढा पोहोचला नव्हता.

(समाप्त)