सिम्प्युटर : यंत्र गेले, आवाज उरला

हातात मावणारे, इंटरनेटशी जोडता येणारे आणि ज्याचा सारा अंतःकारभार कोणालाही पाहता-बदलता येईल असे यंत्र ही परदेशाची देणगी होय, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज दिसतो. आज घरोघरी दिसणाऱ्या अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. त्याच्या सात वर्षे आधी, एप्रिल २००१ मध्ये, बंगळूर येथे अशाच जातीचे एक यंत्र लोकांसमोर ठेवले गेले होते. त्याचे नाव सिम्प्युटर.

या यंत्राचे मर्म त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा कारभारी. पडदा, बॅटरी, स्मृती या साऱ्यांवर हुकूम त्याचा चालतो. जुन्या बडोद्यात ज्यांच्या घराण्यांनी कारभार पाहिला, त्यांना अधिक सांगणे नलगे. बहुतेक कंपन्या या कारभाऱ्याचे दप्तर कुलुपात ठेवतात. फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सचे दप्तर मात्र सर्वांस खुले आहे. वाचावे, दुरुस्त करावे, आपली प्रत इतरांस द्यावी. सिम्प्युटरने हाच कारभारी नेमला.

भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे चार प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन केला. अपेक्षित किंमत ९,००० रुपयांच्या आसपास होती. बोटाने वा काडीने चालणारा लहानसा पडदा होता आणि कळफलक नव्हता. यंत्राचा आराखडादेखील परवान्याने उत्पादकांस खुला केलेला होता. त्यात कोणी सुधारणा केली तर ठरावीक मुदतीनंतर ती ट्रस्टला परत द्यावयाची. एक यंत्र साऱ्या गावाने वापरावे आणि प्रत्येकाची माहिती त्याच्या स्वतःच्या स्मार्ट कार्डावर राहावी, ही योजना वाचताना बडोदेकरास सयाजीराव महाराजांच्या काळी खेडोपाडी जाणाऱ्या फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या आठवल्यावाचून राहत नाहीत. पेटी गावाची, वाचन ज्याचे त्याचे.

पेट्या चालल्या, सिम्प्युटर चालला नाही. २००४ साली 'अमिडा' या नावाने तो विक्रीस आला, भारत इलेक्ट्रॉनिक्ससारखी सरकारी कंपनी पाठीशी होती, कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामी त्याचा उपयोगही झाला. परंतु विक्री काही हजारांपलीकडे गेली नाही. तोवर मोबाइल फोन स्वस्त झाला होता. माझ्या मते कर्त्यांनी गावकऱ्याची गरज विद्वानाच्या नजरेने मापली. गावकऱ्याला आधी माहिती नको होती, सुरतेस कामाला गेलेल्या मुलाशी बोलावयाचे होते.

पण कथा येथे संपत नाही. निरक्षरासही यंत्र वापरता यावे म्हणून ट्रस्टने 'ध्वनी' नावाची आज्ञावली रचली होती. लिहिलेला मजकूर ती मोठ्याने वाचून दाखवी. भारतीय लिप्या उच्चारानुसारी असल्याने आधी मुद्रित केलेले ध्वनींचे तुकडे जोडून शब्द उभा करावयाचा, ही तिची रीत. आरंभी तिला मोजक्या भाषा येत. कुलुपबंद असती तर ती यंत्राबरोबरच संपली असती. खुली असल्यामुळे केरळातील संतोष तोट्टिंगल यांनी ती पुढे चालविली आणि भाषांची यादी वाढत गेली. तीत मराठी आहे आणि गुजरातीही आहे.

नागरवाड्यातील घरांत या गोष्टीचे मोल विशेष आहे. आपली नातवंडे मराठी बोलतात, समजतात. मात्र त्यांचा डोळा गुजराती लिपीस सरावलेला, आणि शिरोरेघेखालील जोडाक्षर आले की ती अडखळतात. ज्यांना अस्खलित वाचता येते त्या आजी-आजोबांची दृष्टी मंदावलेली. पुस्तक कपाटात, आणि दोन्ही पिढ्या त्याच्या बाहेर. वाचून दाखविणारे यंत्र ही अशा घरात चैन नव्हे.

ते यंत्र कसे वाचते, हाही प्रश्न आहेच. मराठीत 'चार'मधला च वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा. लिहावयाचे अक्षर एकच. 'जग' हा शब्द घ्या. विश्व या अर्थी त्याचा ज तालव्य, आणि 'तू जग' म्हणताना दंततालव्य. गुजराती कानास हा भेद सहसा जाणवत नाही, आणि यंत्राला तर कान नाहीतच. त्यास नियम लिहून द्यावे लागतात, अपवादांची यादी पुरवावी लागते. मराठी आणि गुजराती दोन्ही वाचणारी ईस्पीक ही अशीच दुसरी खुली आज्ञावली आज अँड्रॉइड फोनवरही चालते. तिच्या मराठी नियमांची पाने कोणासही उघडता येतात, आणि 'चाक' चुकीचे उच्चारले गेले तर दुरुस्ती सुचवावयास कोणाची परवानगी काढावी लागत नाही.