पात्याच्या वळणातून निघालेलं यंत्र

जुहूचा विमानतळ 1928 सालचा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे उतरले ते इथेच. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी विमानं सांताक्रूझला गेली आणि जुहू पुढे हेलिकॉप्टरांचं झालं. 1985मध्ये स्थापन झालेल्या पवनहंसची हेलिकॉप्टरं इथून समुद्रातल्या तेलविहिरींकडे माणसं ने-आण करत आली आहेत. तिथून थोडं उत्तरेला, ओशिवऱ्या-जोगेश्वरीच्या फर्निचरच्या गाळ्यांत, संगणकाच्या आज्ञांवर चालणारा सीएनसी राउटर एमडीएफच्या तक्त्यातून देवघराची जाळी कापत असतो. घरमालकाला ती जाळी दिसते, सुताराला मजुरी दिसते. पण या यंत्राचं मूळ हेलिकॉप्टरच्या पात्यात आहे, हे फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही.

गोष्ट अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली, ट्रॅव्हर्स सिटी नावाच्या गावातली. 1940च्या दशकात जॉन पार्सन्स यांचा कारखाना तिथे हेलिकॉप्टरची पाती बनवायचा. पातं वरून सपाट फळीसारखं वाटलं, तरी त्याचा छेद घेतला तर एक नाजूक वळण दिसतं, आणि त्या वळणावरच सगळं उड्डाण तोललेलं असतं. आराखड्यात या वळणाचे 17 बिंदू दिलेले असत. उरलेली रेघ कारागिराने वक्रपट्टी लावून जोडायची, त्याबरहुकूम फर्मा कापायचा आणि मग कानसीने घासत बसायचं.

1946मध्ये पार्सन्स यांनी फ्रँक स्ट्यूलेन या अभियंत्याला नोकरीवर घेतलं. स्ट्यूलेनचा भाऊ दुसऱ्या एका विमान कारखान्यात होता, आणि तिथे हिशेबाची छिद्रपत्रिकांची यंत्रं अभियांत्रिकी गणितासाठी वापरत. स्ट्यूलेनने तीच वाट धरली. 17 बिंदूंच्या जागी 200 बिंदू काढता येऊ लागले, तेही कापणाऱ्या हत्याराची त्रिज्या वजा करून. ही वजाबाकी फार महत्त्वाची. हत्याराला जाडी असते, त्यामुळे त्याचं केंद्र रेघेवरून नेलं तर वस्तू लहान होते; ते रेघेपासून त्रिज्येइतकं दूर ठेवावं लागतं.

हे आकडे यंत्रापर्यंत न्यायचे कसे? एक माणूस तक्त्यावरून मोठ्याने आकडे वाचायचा. दुसरा आडव्या दिशेचं चाक फिरवायचा, तिसरा उभ्या. त्या पुकाऱ्यावर पोलाद कापलं जाई. या यंत्राची जन्मवेळ विचारली तर बहुतेक पुस्तकं 1952 सांगतील. मी मात्र ती या तीन माणसांपाशी धरतो. आकार ही आकड्यांची यादी आहे आणि ती यादी ज्याला वाचता येईल त्याला तो आकार कापता येईल, ही गोष्ट तिथे सिद्ध झाली होती. पुढे माणसांच्या जागी मोटारी आल्या.

त्या आणण्यासाठी पैसा अमेरिकी हवाईदलाने दिला. 1949मध्ये पार्सन्स यांना कंत्राट मिळालं आणि नियंत्रणाच्या कामासाठी ते एमआयटीच्या प्रयोगशाळेकडे गेले. 1952मध्ये एमआयटीने सिनसिनाटी कंपनीचं एक मिलिंग यंत्र छिद्रांच्या कागदी फितीवर चालवून दाखवलं. शेकडो निर्वात नळ्या असलेलं त्याचं नियंत्रक कपाटांच्या रांगेएवढं होतं. 1959मध्ये डग्लस रॉस आणि सहकाऱ्यांनी यंत्राला आज्ञा देण्याची एपीटी ही भाषा जगापुढे आणली, तेव्हा पत्रकारांना त्या पद्धतीने कोरलेली ॲल्युमिनियमची रक्षापात्रं वाटली होती.

त्याच काळात दुसरीही एक वाट होती. तिच्याविषयी मला नेहमी हळहळ वाटते. जनरल इलेक्ट्रिकने असं यंत्र बनवलं होतं, की कसबी कारागिराने पहिला नग हाताने कापायचा, त्याच्या हालचाली फितीवर नोंदायच्या आणि पुढचे नग यंत्राने त्याच चालीने कापायचे. ही पद्धत मागे पडली. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी 1984च्या आपल्या ग्रंथात मांडलं, की कामाचा ताबा कारागिराकडून काढून कचेरीत नेण्याची व्यवस्थापनाची इच्छा यामागे होती. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण पूर्ण नाही. विमानाच्या पंखाचं तिरपं वळण पहिल्यांदा तरी कुठल्या हाताने अचूक कापलं असतं? तिथे गणिताला पर्याय नव्हता. साध्या कामांसाठी मात्र दोन्ही पद्धती सुखाने नांदल्या असत्या.

पुढे मायक्रोप्रोसेसर आले, नियंत्रक खोक्यात मावला, किमती उतरल्या आणि यंत्र धातूवरून लाकडावर आलं. लाकडात बिट, म्हणजे कापणारं हत्यार, वेगात फिरवावा लागतो, मिनिटाला 18 ते 24 हजार फेरे. यंत्राच्या टेबलाची मापं प्लायच्या आठ बाय चार फुटांच्या शीटवरून ठरली. छिद्रांची फीत जाऊन पेनड्राइव्ह आला. तरी यंत्राला आज्ञा देणाऱ्या जी-कोडमधली ओळ उघडून पाहिली, तर तिथे आडवा किती, उभा किती, हेच लिहिलेलं असतं. ट्रॅव्हर्स सिटीतला पुकारा तो हाच.

गाळ्यातलं काम नुसतं बटण दाबण्याचं नसतं. फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, कमी ठेवला तर एमडीएफ करपतो, वाढवला तर बिट तुटतो. शीट कुठे फुगली असेल तर जाळीची खोली बदलते. म्हणून शीट आधी बघून घ्यावी लागते. सागवानाची गाठ फाइलला दिसत नाही, चालवणाऱ्याला दिसते. शिवाय स्ट्यूलेनने वजा केलेली ती त्रिज्या अजून पिच्छा सोडत नाही. 6 मिलिमीटरचा बिट आतला कोपरा कधीच काटकोनात कापत नाही. तिथे 3 मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहते. नक्षीत ती खपून जाते. चौकटीत काच किंवा फळी बसवायची असेल तर खपत नाही. मग सुतार पटाशी घेतो, गुण्या लावतो आणि चारही कोपरे हाताने काढतो. दर ठरवताना या कोपऱ्यांचे पैसे वेगळे धरावेत, असं मला मनापासून वाटतं. बऱ्याचदा ते धरले जात नाहीत.