कंपनी : एका शब्दाचा अंमल

लॅटिन मूळ पाहू जाता ज्याचा अर्थ ‘एकत्र भाकरी खाणारे सोबती’ असा निघतो, त्या ‘कंपनी’ या इंग्रजी शब्दाची ओळख महाराष्ट्राला झाली ती मात्र सोबत्याच्या नात्याने नव्हे, तर धन्याच्या नात्याने. १६०० सालच्या अखेरच्या दिवशी राणी एलिझाबेथची सनद मिळवून उभ्या राहिलेल्या सौदागरांच्या मंडळीला १६६८ मध्ये मुंबई बेट दरसाल १० पौंडांच्या खंडाने मिळाले. आणि हे टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी राजे आहेत, असा इशारा रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त देऊन ठेवला असूनही १८१८ साली पेशवाई लयास गेली, तेव्हा रयतेच्या तोंडी ‘कंपनी सरकार’ हे जोडनाव रूढ झाले. १८३५ चा रुपया हाती घेतला, तर एका बाजूस विल्यम राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूस कंपनीचे नाव व त्याखाली फारसी लिपीत ‘यक रुपया’, अशी त्या अमलाची तिहेरी साक्ष दिसते.

१८५८ मध्ये राणीने कारभार आपल्याकडे घेतला, तरी शब्द काही बुडाला नाही. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये मुंबईत कापसाच्या गिरणीसाठी कंपनी स्थापन केली होतीच. पुढे अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचे मोल आले, नित्य नव्या कंपन्यांचे भाग विकले जाऊ लागले, आणि १८६५ मध्ये ते युद्ध थांबताच भाव कोसळून कित्येक सधन घराण्यांचे दिवाळे वाजले.

धनी आणि सटोडिया अशी ही दोन सोंगे वठवून झाल्यावर हा शब्द नाटकवाल्यांच्या बिऱ्हाडी आला. १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणाऱ्या किर्लोस्करांची काय, किंवा १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी उभारलेल्या संस्थेची काय, पाटीवरची अक्षरे ‘नाटक मंडळी’ अशीच असत. पण प्रेक्षक ‘किर्लोस्कर कंपनी’, ‘गंधर्व कंपनी’ असेच म्हणत. गावोगावचे मुक्काम, सामानाने भरलेल्या गाड्या, तालमी आणि कंपनीच्याच आचाऱ्याने रांधलेल्या अन्नावर उठणाऱ्या पंगती असा तो संसार असल्यामुळे, लॅटिनचा गंधही नसलेल्या या मंडळींनी त्या शब्दाचा मूळ अर्थ प्रत्यक्ष आचरणात आणला.

राज्याचा अर्थ सनदेबरोबर संपला, भागीदारीचा अर्थ कायद्याने जतन केला. सहवासाच्या अर्थाला मात्र ना सनद लागली ना कायदा, आणि ‘चहाला जरा कंपनी द्या’ म्हणणाऱ्या गृहस्थाला त्या जुन्या सरकारची आठवणही होत नाही, यातच शब्दाने आपल्या धन्यांवर केलेली मात दिसते.